चौघांची तालीम

आमच्या आबांना कुठल्याही गोष्टीबद्दल काही सांगायला जा, ते आधी गर्दी विचारत. कीर्तन कसं झालं म्हणून कुणी बोलायला लागलं, तर बुवा काय बोलले हे त्यांना नको असायचं. "मानसं किती व्हती ते सांग." मंडपाच्या बाहेर लोक उभे असतील तर बुवा थोर. पुढच्या बाजूलाच रिकामी सतरंजी दिसत असेल तर बुवा गेला वाया. जत्रेतली कुस्ती चांगली की वाईट, हे ते फडाभोवतीच्या झाडांवर किती पोरं चढली त्यावरून ठरवत. "गर्दी तितं गुन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या परंदवडी गावात कुणीही ते तोंडपाठ म्हणून दाखवलं असतं.

आमचे आबा, म्हणजे महिपती, हा एकेकाळचा नावाजलेला गडी. डावा कान कुस्तीत चुरगळलेला, फेटा त्याच कानावर कललेला, आवाज असा की पवनेच्या काठी उभं राहून हाक मारली तर पल्याडचा माणूस ओ देईल. आंबेमोहराची खाचरं बऱ्यापैकी होती, घरात खायला कमी नव्हतं. देवानं सगळं दिलं होतं. शेजार मात्र भिमाजीचा दिला होता, आणि तेवढ्यानं आबांच्या सुखात माती कालवली.

भिमाजीच्या घरी पुरणपोळी झाली की आमची भाकरी आबांना करपलेली लागायची. भिमाजीनं बैल आणला, की आमचा बैल त्याच दिवसापासून लंगडायचा. दोघं एका वयाचे, दोघांची खाचरं बांधाला बांध लावून, आणि दोघांना एकेकच मुलगा. आमचा सोपान, त्यांचा मारुती. सोपान माझा थोरला भाऊ. मी नंदा, धाकटी.

जळण्याच्या बाबतीत मी आबांचीच मुलगी. आई म्हणायची, "ह्या घरात चूल पेटवायला काडी लागत न्हाई, बापलेकीस्नी शेजारी बसवलं की झालं." माझं जळणं सोपानवर होतं. चौथीपर्यंत शाळेत मी पहिली यायचे आणि तो कसाबसा पुढे ढकलला जायचा. चौथीनंतर माझी पाटी फळीवर गेली, तो तळेगावच्या हायस्कुलात गेला. त्याला माझ्याहून जास्त काय येत होतं ते मला आजही कुणी पटवून द्यावं.

एकोणीसशे पस्तीस साली सोपान आणि मारुती दोघंही मॅट्रिक झाले, आणि दोघंही पुण्याच्या कॉलेजात गेले. आमच्या गावातून कॉलेजात जाणारे ते पहिलेच. पुण्यात एका खोलीत राहायचे, हातानं स्वयंपाक करायचे, आणि शनिवारी गाडीनं तळेगावला उतरून चालत घरी यायचे. पहिल्याच शनिवारी आबांनी दोघांना आमच्या ओट्यावर बसवलं आणि आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "वर्गात पोरं किती?"

"दोनशे असतील," मारुती म्हणाला. "मोठा हॉल हाय, आबा. प्रोफेसर उंचावर उभं ऱ्हात्यात. काय बोलत्यात! आवाज छताला लागतो."

आबांनी खूश होऊन सोपानकडे पाहिलं. सोपान म्हणाला, "माझ्या इतिहासाच्या वर्गात धा."

"धा काय? धाशे?"

"धा पोरं."

झालं होतं असं. मोघे म्हणून एक प्रोफेसर होते. त्यांनी कॉलेजच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून एक परवानगी मिळवली होती. नव्यानं आलेल्या पोरांतून दहाजण घ्यायचे, त्यांना हॉलमध्ये न बसवता वेगळ्या खोलीत सतरंजीवर गोल बसवायचं, आणि त्या पोरांनीच बोलायचं. कोण दहा, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. सोपानची चिठ्ठी निघाली. मारुतीची निघाली नाही.

चिठ्ठीची गोष्ट आबांना पटलीच नाही. त्यांच्या डोक्यात एकच बसलं, की शेजाऱ्याचं पोर दोनशेंत आणि आपलं पोर दहात. "पाखडताना सुपातनं बाजूला काय पडतं? फोल दानं," ते आईला म्हणाले. "माज्या पोराला फोल म्हनून बाजूला काढलंय."

"बियानं बी बाजूलाच काढून ठेवत्यात की," आई म्हणाली.

त्या रात्री आबा कमीच जेवले.

माझं वेगळंच चालू होतं. शनिवारी संध्याकाळी मी परसात तांदूळ कांडायला बसले की सोपान शेजारी येऊन बसायचा आणि त्या आठवड्यात सतरंजीवर काय झालं ते सांगायचा. मोघे सर स्वतः फार बोलत नसत. एकेकाला एकेक प्रश्न देत. त्यानं आठवडाभर डोकं खाजवायचं आणि येऊन मांडायचं, मग बाकीच्या नऊजणांनी त्याला धरायचं. सर मध्येच एखाद वेळी एकच शब्द टाकायचे. "कशावरून?" अमका राजा प्रजेचा लाडका होता. कशावरून? पूर्वीची माणसं जास्त खरी बोलायची. कशावरून?

"पहिल्या दिशी माझी बोबडी वळली," सोपान सांगायचा. "हॉलमध्ये असतो तर मागच्या बाकावर बसून वर्ष काढलं असतं. हितं लपायला जागाच न्हाई, नंदे. मी गप बसलो तर सगळ्यांस्नी कळतं की मी गप हाय."

हा माझा भाऊ, जो शाळेत मास्तरांनी नाव विचारलं तरी घाम पुसायचा. चार महिन्यांत त्याची मान सरळ झाली. तो बोलताना थांबायचा, विचार करायचा, "न्हाई, हे मी चुकीचं बोललो" म्हणून पुन्हा सुरू करायचा. आमच्या घरात चुकलो म्हणण्याची पद्धत नव्हती. मी मुसळ थांबवून त्याच्याशी भांडायचे आणि तोही हट्टानं भांडायचा. मला उष्टं मिळत होतं हे खरं, पण ते गरम होतं. रविवारी तो निघाला की त्या दहांपैकी एकेकाचा मला हेवा वाटायचा. चष्मेवाल्याचा, तोतऱ्याचा, साताऱ्याहून आलेल्याचा. एकालाही मी पाहिलं नव्हतं तरी.

आबांच्या कानावर मात्र वेगळंच पडत होतं. दर वाक्याला "सर म्हणाले, सर म्हणाले." एकदा जेवताना आबा म्हणाले, "यंदा पानी लवकर सरनार." सोपानच्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?" आबांचा घास हातातच राहिला. त्यांना ह्या घरात असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या दिवसापासून त्यांच्या पोटात भिमाजीच्या जोडीला आणखी एक माणूस जाऊन बसला, न पाहिलेला मोघे सर.

दिवाळीनंतर सरांच्या बायकोची तब्येत बिघडली. हवा बदलायला त्यांनी लोणावळ्यात एक लहानशी बंगली भाड्यानं घेतली. ते तिथून पुण्याला जाऊन येऊन करत, आणि त्या दहाजणांना रविवारी लोणावळ्यालाच बोलवत. माझी मावशी कस्तुराबाई लोणावळ्यात राहायची. एका रविवारी आबा मला म्हणाले, "चल, तुला मावशीकडं सोडतो." आणि आंबेमोहराचं गाठोडं खांद्यावर टाकलं. मावशीसाठी आबांनी कधी मूठभर तांदूळ नेले नव्हते. मी ओळखलं आणि गप्प बसले, कारण मलाही ती सतरंजी बघायची होती.

सोपान आधीच्या गाडीनं गेला होता, आम्ही येणार हे त्याला माहीत नव्हतं. लोणावळ्याला धुकं होतं, पायाखालचा दगडसुद्धा ओला लागत होता. विचारत विचारत बंगली सापडली. पुढे व्हरांडा, मागे एक खोली, दार सताड उघडं. आबांनी आत डोकावण्याआधी दारातल्या वहाणा मोजल्या.

"धाच हायेत," ते मला हळूच म्हणाले. रविवारी तरी चार पोरं वाढली असतील अशी त्यांना आशा असावी.

आतून सोपानचा आवाज आला. आबांनी मला हातानं थांबवलं आणि आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. सरांनी त्या आठवड्यात त्याला सांगितलं होतं, की तुमच्या गावात सगळे खरं मानतात अशी एक गोष्ट आण. सोपान बोलत होता, "आमच्या गावात एक वाक्य आहे. गर्दी तिथं गुण. माझे वडील ते नेहमी म्हणतात."

आबांचा चेहरा फुलला. त्यांचं वाक्य पुण्याच्या प्रोफेसरापर्यंत पोहोचलं होतं. त्यांनी फेटा सारखा केला.

"कशावरून?" आतून कुणीतरी विचारलं.

सोपाननं कीर्तनाचं सांगितलं, फडाचं सांगितलं. मग दुसरा म्हणाला, "आमच्याकडे पटकीची साथ आली तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी देवऋष्याच्या दारात होती. गेली ती माणसंही त्याच गर्दीतली." कुणीतरी हसलं. तिसरा लगेच म्हणाला, "पण म्हणून रिकाम्या मंडपातला बुवा थोर, असंही होत नाही." मग सगळे सोपानकडे वळले असावेत, कारण आत एकदम शांत झालं. मला वाटलं, आता सर त्याला सोडवतील. सर म्हणाले, "विचार कर. घाई नाही."

बराच वेळ गेला. मग सोपान सावकाश म्हणाला, "म्हणजे गर्दी झाली तर लोकांना काय आवडलं ते कळतं. जे आवडलं ते चांगलं होतं का, ते कळत नाही. ते वेगळं तपासायला पाहिजे."

माझ्या छातीत निखारा पडला. वाईट वाटलं नाही, मी जळाले. मला आत जाऊन बसायचं होतं. मलाही बोलायचं होतं. माझ्याकडे तर त्या चष्मेवाल्याकडे नव्हतं असं काहीतरी होतं. मला विचारायचं होतं, की कीर्तनाची गर्दी मोजता तेव्हा मागे घरी भाकऱ्या थापत राहिलेल्या बायका त्यात धरता का? पण मी बाहेर होते, आणि बाहेरच्याला कुणी "कशावरून" विचारत नाही.

आबांच्या कानात मात्र फक्त ते हसणं अडकलं होतं. ते तांदळाच्या गाठोड्यासकट आत शिरले.

"सोपान, ऊठ!"

सर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. बारीक अंगाचा, मफलर गुंडाळलेला माणूस. सोपान धडपडत उठला. "सर, हे माझे वडील," तो म्हणाला.

"या, महिपतराव, बसा," सर म्हणाले.

"बसायला न्हाई आलो. मी मगाधरनं उभा हाय. तुमी एक शबुद बोलला न्हाईत. फी आमी कशापायी भरतोय? पोरांनीच बोलायचं तर मास्तर कशाला पायजे?"

"मी बोलायला लागलो की ही नुसती ऐकायला लागतात. मग विचार कोण करणार?"

"इचार म्हंजे बापाची टिंगल व्हय?"

"टिंगल न्हाई केली, आबा," सोपान कसाबसा म्हणाला.

"तू गप." आबा सरांकडे वळले. "आमच्या पोराला मोठ्या वर्गात घाला. भिमाजीचं पोरगं बसतं तितं. हे सुपातनं पाखडलेल्यांत बसवू नका."

सरांना भिमाजी कोण ते कळलं असावं, कारण ते जरासे थबकले. मग म्हणाले, "घालता येईल. पण महिपतराव, इथली जागा एकदा सुटली की परत मिळायची नाही. बाहेर वाट बघणारे आहेत."

"खुशाल बसूंद्या ज्याला बसायचंय त्याला."

सरांनी सोपानला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

तिथं त्यानं तोंड उघडायला हवं होतं. चार महिने तो तेच तर शिकला होता. पण दहा पोरांपुढे बोलणं वेगळं आणि बापापुढे वेगळं. त्यानं एकदा आबांकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि तो दारात येऊन वहाणा घालू लागला. मी आत पाहिलं. सतरंजीवर एका माणसाची जागा रिकामी होती, आणि कुणी ती भरून काढायला सरकलं नव्हतं. मी तिच्याकडे इतक्या हावरेपणानं बघत होते की सरांच्या नजरेला नजर भिडल्यावर मी पदर दातात धरला.

सरांसाठी आणलेलं गाठोडं आबांनी परत खांद्यावर टाकलं. सगळा तांदूळ मावशीला मिळाला. ती बिचारी पुढे कित्येक वर्षं त्या दिवसाचं कौतुक सांगायची.

पुढच्याच आठवड्यात बातमी आली, की सोपानच्या जागी मारुती बसला.

आबांनी आधी ते हसण्यावारी नेलं. चावडीवर ते सांगायचे, "आमचा सोपान आता दोनशेंत बसतो." पण घरात काय चाललं होतं ते मी बघत होते. शनिवारी मी तांदूळ कांडत बसायचे, सोपान येऊन शेजारी बसायचा, आणि काहीच बोलायचा नाही. "काय झालं ह्या आठवड्यात?" मी विचारलं की म्हणायचा, "नोट्स उतरवल्या." कसल्या, तर म्हणायचा, "प्रोफेसर सांगतील त्या. मागं बसलं की निम्मं ऐकायला येत न्हाई." मी मुद्दाम उलटसुलट बोलून त्याला डिवचायचे. तो म्हणायचा, "असंल तुजं खरं." त्याच्या ह्या शहाणपणाचा मला इतका राग यायचा, की एकदा मी मुसळ फेकून दिलं. माझा शनिवार गेला होता. त्याचा तर गेलाच होता, पण माझा त्याच्याबरोबर फुकट गेला होता, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

माघात गावानं नवी विहीर खणायचं ठरवलं. देवळात बैठक भरली. जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणाऱ्या एका पानाड्याला बोलावलं होतं. तो हातावर नारळ ठेवून फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला म्हणून म्हणाला, "हितं खना." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मारुती उठला. नमस्कार करून म्हणाला, "बाबा, रागावू नका. तुमी आजवर दाखवलेल्या जागांत पानी कुटं कुटं लागलं, आनि कुटं न्हाई लागलं? दोनी सांगा, मंग आमी ठरवू." आवाज चढवला नाही, हसला नाही. म्हातारी माणसंसुद्धा पुढे सरसावून ऐकू लागली. पानाड्या लागलेल्या विहिरींची नावं भराभर सांगू लागला आणि न लागलेल्यांपाशी अडखळला. शेवटी गावानं घाई करायची नाही असं ठरवलं.

मी बायकांच्या बाजूला खांबाआड बसले होते. माझं लक्ष सोपानकडे होतं. मारुती उठायच्या आधी सोपानचं तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. ते तसंच मिटलं. आबांनीही पाहिलं होतं. घरी येताना वाटेत लोक भिमाजीला थांबवून म्हणत होते, "पोरगं मोठं हुशार निघालं तुजं." आबा पुढे बघून चालत होते. मागे राहिलेल्या सोपानसाठी ते एकदाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन शेतावर गेले तेव्हा दोघं बांधावर उभे होते. आबा आपल्या बाजूला, भिमाजी आपल्या.

"माझ्या पोराची जागा पळवलीस तू," आबा म्हणत होते.

"पळवली न्हाई. तू टाकलीस, मी उचलली."

"ठरवून केलंस. मास्तराला आधीच जाऊन भेटलातास!"

"व्हय, भेटलो. चिठ्ठी न्हाई निघाली त्या दिवसापासनं त्यांच्या दारात तीनदा जाऊन बसलोय. म्हनलं, कुनी गळालं तर माझ्या पोराला घ्या."

आबा एक पाऊल पुढं आले. "कशापायी पन? धा पोरांचा वर्ग तो! तुजं पोर हॉलमधी व्हतं की!"

भिमाजी बांधावर बसला. तो आबांसारखा आवाजाचा माणूस नव्हता, हळू बोलायचा. "महिपती, तळेगावची तालीम आठवती का?"

"न आठवायला काय झालं?"

"रज्जाक वस्तादाकडं आपुन चाळीस-पन्नास पोरं जायचो. सांजच्याला सगळी. जोर, बैठका, मातीच्या हौद्यात धिंगाना. वस्ताद कडंला बसून वरडायचे. पन पहाटं ते चौघांस्नीच घ्यायचे. दार लावून. त्या चौघांत तू व्हतास."

"व्हतो. मग?"

"मी न्हवतो. मी भायेर भिंतीला कान लावून बसायचो. दोन वरीस बसलो." भिमाजीनं ढेकूळ उचलून हातात कुस्करलं. "वस्ताद म्हनायचे, पाय आत घे. कुनाचा पाय, किती आत, काय कळायचं न्हाई. मग धप आवाज यायचा. आवाजावरनं मी वळखायचो की महिपती पडला का महिपतीनं पाडलं. एवढंच शिकलो बघ. पुढं फडात तू ढाक डाव लावायचास आनि मानसं झाडावरनं टाळ्या पिटायची. मी त्या झाडाखाली हुबा असायचो. ढाक गर्दीत न्हाई शिकलास तू. वस्तादानं तुजं मनगट धरून शिकवली. मला जन्मभर तुजं त्ये मनगट दिसतंय."

मी भाकरीचं फडकं धरून तशीच उभी राहिले. मला वाटायचं, जळतात ते आमचे आबाच, आणि भिमाजी आपला सुखात असतो. त्याचं जळणं आमच्याहून जुनं होतं.

आबांनी आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. ते म्हणाले, "मला वाटायचं, डाव माझ्या अंगातच व्हता."

"त्येच तर. आत असल्याला वाटतं आपल्या अंगातच हाय. काय मिळालं ते भायेरच्याला इचारायचं."

आबा मटकन बसले. बांधाच्या दोन बाजूंना दोघं, मधे मी ठेवलेली भाकरी. त्या दिवशी ती दोघांनी मिळून खाल्ली, आणि मला उपाशी राहावं लागलं. आबांनी जाता जाता विचारलं, "सरांनी जागा दिऊन टाकली, आता ती परत न्हाई मिळायची. काय करू?"

भिमाजीनं भाकरीचं फडकं झटकलं. मग आबाच म्हणाले, "तुज्या पोराला शनवारी माज्या वट्यावर पाठव. तितं काय बोलनं झालं ते हितं मांडू दे. माजं पोरगं त्येला धरंल."

"पाठवतो. पन मी बी येनार. मला आता भायेर न्हाई ऱ्हायाचं."

त्या शनिवारी ओट्यावर घोंगडी पसरली. मारुती, सोपान, भिमाजी आणि आबा, चौघं गोल बसले. मारुतीनं मांडायला सुरुवात केली. सोपान पहिल्यांदा नुसता ऐकत होता. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "कशावरून?" आवाज चिरका निघाला. मारुती हसला आणि म्हणाला, "आला का परत गडी!" मग दोघांची अशी जुंपली की आबांना मधे तोंड घालायला फट मिळेना, आणि विशेष म्हणजे त्यांनी घातलंही नाही. गूळपाणी द्यायच्या निमित्तानं मी दाराशी आले, आणि तांब्या ठेवून दाराआड उभी राहिले. सोपान परत बोलत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त मी जळाले. ती घोंगडी माझी होती, मी झटकून अंथरलेली, आणि तिच्यावर मी सोडून सगळे बसले होते.

बोलता बोलता गोष्ट त्या विहिरीच्या बैठकीवर आली. आबांना राहवलं नाही. "काय बी म्हना, देवळात गर्दी व्हती म्हनून बैठकीला वजन आलं. गर्दी तितं गुन."

सोपान काही म्हणणार, तेवढ्यात भिमाजीनं हात वर केला. तो दाराकडे बघत होता.

"महिपती, पोरगी दाराआड हुबी हाय."

"असू दे. आत जाईल."

"आत घे तिला. दाराआडचं मला ठावं हाय."

आबांनी वळून पाहिलं. मी पळाले नाही. आबा माझ्याकडे बघत राहिले, मग भिमाजीकडे, मग आपल्या मनगटाकडे. शेवटी स्वतः थोडे सरकले आणि घोंगडीवर हातानं जागा दाखवली. "नंदे, बस हितं."

मी बसले. लोणावळ्याच्या व्हरांड्यापासून मी तो प्रश्न घेऊन फिरत होते आणि आता तो गिळायला मी तयार नव्हते.

"आबा," मी म्हणाले, "देवळात गर्दी व्हती म्हनता. ती मोजली तवा बाया मोजल्या का? विहिरीचं पानी आमीच वडनार. आमी खांबाआड बसलो व्हतो. आमाला कुनी इचारलं? आमी गर्दीत न्हाई, तर गुन कसा आला?"

मारुतीच्या हातातला पेला तसाच राहिला. सोपान डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होता. आबांनी गळ्यातली माळ चाचपली. कान खाजवला. मला वाटलं, आता उठवतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक जुनं, ओळखीचं समाधान पसरलं. ते भिमाजीकडे वळले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "पोरगा तुला बी हाय, मला बी हाय. पन अशी पोरगी हाय का तुज्याकडं?"

भिमाजीचं तोंड पडलं. त्याला मुलगी नव्हती. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिला, तशा नजरेनं तोवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

वैशाखात माझं लग्न झालं आणि मी लोणावळ्याला सासरी आले. तोवरचे सगळे शनिवार मी त्या घोंगडीवर काढले. बाजाराला जाताना ती बंगली अजून लागते. तिथं आता दुसरं कुणी राहतं. दारात मुलांच्या वहाणा दिसल्या की मी त्या मोजते.